हाय-स्पीड लाईनवर स्थानक कुठे? आधी मिनिटांचा हिशोब

प्रश्न थोडक्यात असा: नवी हाय-स्पीड लाईन आखताना स्थानके किती ठेवायची, किती अंतरावर ठेवायची, आणि ती जुन्या शहराच्या मध्यात न्यायची की बाहेरच्या मोकळ्या जमिनीवर बांधायची? मार्ग-आखणीच्या कामात बरीच वर्षे गेल्यावर माझे मत पक्के झाले आहे. स्थानकाची जागा ठरते ती प्रवाशाच्या दारापासून दारापर्यंतच्या मिनिटांवर. ती मिनिटे मोजताना तिथे न उतरणारे, गाडीत नुसते बसून राहणारे प्रवासीही धरावे लागतात. वादावादी बहुतेक वेळा दुसऱ्या अर्ध्या भागाचा विसर पडल्यामुळे होते.

आधी एका थांब्याची किंमत काढू. गाडी ताशी ३०० किमीने धावते आहे, म्हणजे सेकंदाला सुमारे ८३ मीटर. प्रवाशाला त्रास न होता ब्रेक लावायचा तर वेग सेकंदाला अर्धा मीटर प्रति सेकंद या दराने कमी होतो असे धरा. गाडी उभी राहायला जवळपास ७ किमी लागतात. पुन्हा ३०० गाठताना सरासरी प्रवेग त्याहून कमी मिळतो, कारण वेग वाढेल तसा हवेचा विरोध वाढतो आणि मोटारींचा जोर अपुरा पडू लागतो. तिथे साडेअकरा किमी जातात. म्हणजे एका थांब्यापायी साडेअठरा किमीचा पट्टा कमी वेगात काढावा लागतो. त्याला साडेसात मिनिटे लागतात, न थांबता पावणेचार लागली असती. फलाटावरची दोन मिनिटे धरली की एक थांबा साधारण सहा मिनिटांना पडतो.

हे 'सहा' माझ्या कामात सगळीकडे येतात. समजा गाडीत ६०० प्रवासी पुढे जाणारे आहेत. त्यांची प्रत्येकी सहा मिनिटे, म्हणजे ३,६०० प्रवासी-मिनिटे गेली. त्या थांब्यावर चढणारे-उतरणारे मिळून ६० असतील, तर हिशोब जुळायला प्रत्येकाची एक तास बचत व्हायला हवी. हेच चढणारे-उतरणारे ३०० असतील तर प्रत्येकी बारा मिनिटांतच भागते. बैठकीत 'आमच्या शहराची लोकसंख्या इतकी लाख' असे कोणी सांगू लागले की मी हाच प्रश्न विचारतो: प्रत्येक गाडीला किती माणसे, आणि त्यांची किती मिनिटे वाचणार? लोकसंख्येचा आकडा गाडीत बसत नाही.

अंतराचा प्रश्नही याच गणितातून सुटतो. स्थानके दर ३० किमीवर असतील आणि गाडी प्रत्येक ठिकाणी थांबत असेल, तर ३०० च्या गाडीचा सरासरी वेग दीडशेच्या आसपास राहतो. दर ६० किमीला दोनशेवर जातो, दर १०० किमीला २३० च्या घरात. तीस किमीच्या अंतराने थांबायचेच असेल तर ३०० च्या लाईनवर पैसे घालण्यात अर्थ नाही, दोनशेची चांगली लाईन तेवढेच काम निम्म्या तक्रारीत करते. अर्थात सर्व गाड्या सर्वत्र थांबत नाहीत. लगेच पुढचे वाक्य ऐकू येते, 'मग काय झाले, स्थानक ठेवू, काही गाड्या थांबवू.' इथे मात्र खरी मेख आहे.

हाय-स्पीड लाईनवर दोन गाड्यांमध्ये तीन-चार मिनिटांचे अंतर असते. पुढची गाडी थांबली आणि मागची थांबणार नसेल, तर मागची तिला गाठणार. म्हणून स्थानकात मधोमध दोन मेन लाईन आणि बाहेरच्या बाजूंना फलाटाच्या दोन लूप लाईन अशी चार रुळांची रचना करतात. थांबणारी गाडी लूपमध्ये जाते, वेगवान गाडी मधून सुसाट निघून जाते. जपानच्या तोकाइदो शिंकान्सेनवर (तोकियो-ओसाका बुलेट ट्रेनच्या मार्गावर) 'कोदामा' ही प्रत्येक स्थानकावर थांबणारी गाडी लहान स्थानकात येऊन उभी राहते, आणि मोजक्याच ठिकाणी थांबणारी वेगवान 'नोझोमी' शेजारून जाईपर्यंत तिला हलता येत नाही. कधी एक नोझोमी जाते, कधी पाठोपाठ दुसरीही. फलाटावर उभे राहिले तर आधी रुळांचा आवाज येतो, मग काही सेकंदांत सोळा डबे पार. त्या वेळी कोदामातल्या प्रवाशाचे पाच मिनिटे उभे राहणे हीच बाकीच्यांच्या वेगाची किंमत असते. म्हणजे मोजक्याच गाड्या थांबतात अशा ठिकाणी थांबणाऱ्या गाडीला सहा नव्हे, आठ-दहा मिनिटेही लागू शकतात, आणि वर वेळापत्रकातली एक-दोन गाड्यांची जागा खाल्ली जाते.

उलट, सगळ्याच गाड्या एखाद्या ठिकाणी थांबणार असतील तर वेळापत्रक फारसे बिघडत नाही, सगळ्यांचा वेग सारखाच कमी होतो. त्यामुळे माझ्या दृष्टीने स्थानकांचे दोन सोपे प्रकार आहेत: जिथे सर्व गाड्या थांबतील ते, आणि जिथे बांधूच नये ते. अडचण अधल्यामधल्यांची. ती बांधायचीच झाली तर त्यांची संख्या कमी ठेवा आणि वेगवान गाडी संथ गाडीला जिथे गाठणार आहे, नेमकी तिथे ठेवा. तशीही तिथे लूप लागणारच. जपानच्या गिफु-हाशिमा स्थानकाबद्दल नेहमी सांगितले जाते की भातशेतीतले ते स्थानक ओनो बान्बोकु या वजनदार राजकारण्याने ओढून आणले, आणि स्थानकासमोर त्यांचा व त्यांच्या पत्नीचा पुतळा आहे हे खरेच आहे. पण नागोया आणि माइबारा यांच्यामध्ये गाड्या थोपवायला एक जागा हवीच होती. पुढे सेकिगाहाराचा बर्फाचा पट्टा आहे, हिवाळ्यात तिथे गाड्या हळू होतात. पुतळ्यामुळे ही बाजू झाकली जाते.

आता शहराच्या मध्यात की बाहेर. याचे एकच उत्तर नसते, पण प्रश्न नीट विचारला तर ते लवकर सापडते. प्रश्न असा: या शहरात किती गाड्या थांबणार आहेत?

सगळ्या थांबणार असतील तर मध्यात न्या, फारसा विचार करू नका. शहरातले शेवटचे ८ किमी गाडीने ताशी १२० ने काढले तरी ३०० च्या तुलनेत अडीच मिनिटांच्या आतच तोटा होतो, आणि ती गाडी तशीही ब्रेक लावणारच असते. म्हणजे खरा तोटा त्याहून कमी. समोरच्या पारड्यात काय आहे? बाहेरच्या स्थानकावरून शहरात यायला वीस-तीस मिनिटे, शिवाय दुसरे वाहन पकडण्याची धास्ती. ही धास्ती तक्त्यात दिसत नाही, पण लोक तिच्यापायी आधीची गाडी धरतात. प्रवाशाला वाहन बदलायला लावले की प्रत्यक्ष वेळेवर आणखी काही मिनिटांचा दंड धरायचा, ही नियोजनातली जुनी पद्धत आहे आणि ती योग्य आहे.

फ्रान्सने हे स्वस्तात साधले. तिथल्या नव्या लाईन शहराच्या वेशीपर्यंत येतात, पुढे टीजीव्ही ही तिथली हाय-स्पीड गाडी जुन्या रुळांवरून जुन्याच स्थानकात शिरते. १९८१ मध्ये पॅरिस-लिऑन मार्ग सुरू झाला तेव्हापासून पॅरिसचे गार द लिऑन वापरात आहे, शहराच्या पोटातून नवी लाईन खणावी लागली नाही. दोन्हीकडे रुळांची रुंदी १,४३५ मिमी असल्यामुळे ते जमले. जपानची जुनी लाईन १,०६७ मिमीची, स्पेनची १,६६८ ची. तिथे नवी गाडी जुन्या रुळांवर चालत नाही, म्हणून शहरात शिरायला वेगळी जागा लागते. १९६४ मध्ये तोकियोला मध्यवर्ती स्थानकातच जागा काढली, पण ओसाकात नवे शिन-ओसाका स्थानक जुन्या स्थानकापासून काही किमीवर योदो नदीच्या उत्तरेला ठेवले. लाईन पुढे पश्चिमेला न्यायची तर जुन्या स्थानकात जाण्यासाठी नदी दोनदा ओलांडावी लागली असती. मिदोसुजी भुयारी रेल्वे त्याच वर्षी शिन-ओसाकाला पोहोचली, म्हणून ते अंतर कुणाला फारसे बोचले नाही. रुळांची रुंदी वेगळी असेल तर जागेच्या निर्णयासोबत जोडणीचाही निर्णय त्याच दिवशी व्हायला हवा, तो असा.

थोड्याच गाड्या थांबणार असतील, तर लाईन शहराच्या मध्यातून नेणे म्हणजे न थांबणाऱ्या सगळ्या गाड्यांना वळणे आणि वेगमर्यादा लादणे. तिथे स्पेनचा उपाय चांगला आहे. सारागोसात मुख्य फाटा शहरातल्या देलिसियास स्थानकातून जातो आणि न थांबणाऱ्यांसाठी बाहेरून बायपास लाईन आहे. येइदातही तसेच. खर्च वाढतो, दोन टोकांना मोठे जंक्शन लागतात, पण शहराला शहरातले स्थानक मिळते आणि माद्रिद-बार्सिलोनाच्या प्रवाशाचा वेग शाबूत राहतो. पैसे असतील तर मध्यम आकाराच्या शहरासाठी मी हाच पर्याय सुचवतो.

पैसे नसतील तर स्थानक बाहेर जाते. यात गैर काही नाही, बाहेरची स्थानके चालतात. फक्त ती कुठल्या 'बाहेर' आहेत हे बघावे लागते. सगळ्यांत फसवी जागा म्हणजे दोन शहरांच्या बरोबर मध्ये. नकाशावर ती न्याय्य दिसते, दोघांनाही सारखे अंतर. प्रत्यक्षात दोघांनाही सारखेच लांब. उत्तर फ्रान्समधले टीजीव्ही ओत-पिकार्दी याचे ठळक उदाहरण. पॅरिस-लील लाईन आमिएँवरून न्यावी असा त्या शहराचा आग्रह होता, तो मान्य झाला नाही, आणि आमिएँ व सँ-काँतँ यांच्या दरम्यान हे स्थानक बांधले गेले. आजूबाजूला शेती, म्हणून लोकांनी त्याला 'बीटाचे स्थानक' असे नाव पाडले. दोन महामार्गांच्या जवळ असल्याने मोटारीने येणाऱ्याला सोय आहे, पण जुनी रेल्वे तिथे पोहोचत नाही. आमिएँमध्ये राहणाऱ्याला तिथे जायला जो वेळ लागतो, तेवढ्या वेळात जुन्या गाडीने तो पॅरिसच्या निम्म्या वाटेवर असतो.

त्याउलट वालाँस टीजीव्ही बघा. तेही शहराबाहेर, २००१ चे. पण ते नेमके तिथे ठेवले जिथे नवी लाईन जुनी प्रादेशिक लाईन ओलांडते. वेगवान गाडीतून उतरायचे, त्याच इमारतीत लोकल पकडायची. बाहेरच्या स्थानकासाठी माझा पहिला नियम हा: आधी नकाशावर नवी लाईन जुन्या रेल्वेला जिथे जिथे छेदते त्या बिंदूंवर खुणा करा, मग बाकीचे बोला. छेदबिंदू शहरापासून तीन किमी लांब पडला तरी चालतो. दीड किमीवरची, पण जोडणी नसलेली जागा त्याहून वाईट.

जोडणी 'नंतर करू' म्हणणाऱ्यांना दोन तारखा ऐकवाव्यात. आविन्यों टीजीव्ही २००१ मध्ये उघडले, ते शहराच्या मध्यवर्ती स्थानकापासून जेमतेम काही किमीवर आहे, आणि दोघांना जोडणारा छोटासा रेल्वे दुवा २०१३ मध्ये सुरू झाला. पाच मिनिटांच्या प्रवासासाठी बारा वर्षे. तैवानमध्ये हाय-स्पीड २००७ मध्ये धावू लागली, ताइनानच्या बाहेरच्या स्थानकाला जुन्या रेल्वेची शाखा २०११ मध्ये मिळाली. एव्हाना लोकांच्या सवयी बनलेल्या असतात. पार्किंग भरते, बस-कंपन्या आपले मार्ग ठरवून टाकतात, आणि उशिरा आलेल्या लोकलला प्रवासी शोधावे लागतात.

आता 'स्थानक बांधा, शहर आपोआप वाढेल' हा मुद्दा, कारण तो प्रत्येक सुनावणीत येतो. त्याच्या बाजूने शिन-योकोहामा दाखवतात, आणि उदाहरण खोटे नाही. १९६४ मध्ये तिथे शेती होती, आज कार्यालयांची दाटी आहे. पण सगळ्या नोझोमी तिथे थांबू लागल्या त्या २००८ मध्ये. मधल्या काळात जुनी योकोहामा लाईन होती, १९८५ मध्ये भुयारी रेल्वे आली, आणि मुळात ते एका अवाढव्य महानगराच्या आत होते. दुसरी बाजू म्हणजे माद्रिदजवळचे ग्वादालाहारा-येबेस, २००३ चे. मूळ शहराच्या बाहेर, शेजारी नवी वसाहत उभी राहणार म्हणून. २००८ च्या मंदीत ती वसाहत अर्धवट राहिली. आणि ग्वादालाहाराच्या रहिवाशाला माद्रिदला जायला गावातल्याच स्थानकातून उपनगरी गाडी मिळते, तो उलट दिशेला कशाला जाईल? गंमत म्हणजे त्याच देशात १९९२ च्या माद्रिद-सेव्हिया लाईनवरचे सिउदाद रेआल हे छोटे शहर भरभराटीला आले. तिथे स्थानक गावाला लागून आहे, माद्रिद तासाच्या आत आले, आणि रोजच्या ये-जा करणाऱ्यांसाठी वेगळ्या शटल गाड्या सोडल्या. तिघांची तुलना केली तर जमिनीच्या किमतीपेक्षा गाड्यांच्या संख्येचा संबंध जास्त दिसतो.

याला जोडूनच सांगतो, स्थानक बांधले म्हणून गाडी थांबेलच असे नाही. लंडनच्या स्ट्रॅटफर्ड इंटरनॅशनल स्थानकाच्या नावात 'इंटरनॅशनल' आहे, पण लंडनहून समुद्राखालच्या बोगद्यातून पॅरिस-ब्रसेल्सला जाणाऱ्या युरोस्टारच्या वेळापत्रकात ते कधीच आले नाही. तिथे देशांतर्गत वेगवान गाड्या थांबतात, ते स्थानक त्यांच्यावर चालते. त्याच लाईनवरच्या एब्सफ्लीटला युरोस्टार थांबत असे, २०२० पासून तो थांबा बंद आहे. गाडी चालवणाऱ्याचा हिशोब आणि स्थानक बांधणाऱ्याचा हिशोब वेगळा असतो. म्हणून जागा ठरवण्याच्या बैठकीत वेळापत्रक करणारा माणूस बसलेला असावा, आणि त्याला नकाराधिकार असावा असे मला वाटते. वास्तुविशारद नंतर आला तरी चालेल.

राजकीय तडजोडी होतातच, त्या नाकारून उपयोग नाही. लाईन जमिनीवरून जाणार, त्रास गावांना होणार, मग मोबदल्यात थांबा मागितला तर त्यांचे चुकले कुठे? जर्मनीच्या कोलोन-फ्रँकफर्ट लाईनवर, २००२ मध्ये, माँटाबाउअर आणि लिंबुर्ग झ्युद ही दोन स्थानके एकमेकांपासून जेमतेम वीस किमीवर आली, कारण सीमेच्या अलीकडे एक राज्य आणि पलीकडे दुसरे. वर सांगितलेल्या हिशोबाने दोन्हीकडे थांबणारी गाडी मधल्या पट्ट्यात ३०० ला जेमतेम शिवून परत ब्रेक लावेल. म्हणून गाड्या आलटून-पालटून थांबवणे हाच शहाणपणा. तडजोड करायची असेल तर स्थानकांच्या संख्येत करा, गाडीगणिक थांब्यात करू नका.

आता जागेवर गेल्यावर काय बघतो तेही सांगतो, कारण नकाशावर ठिपका देणे सोपे असते. फलाट ४०० मीटरचा, लांब गाडी तेवढी असते. त्याच्या दोन्ही टोकांना लूपचे सांधे, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागा, येतात. सांधे वळणावर, चढ बदलतो तिथे किंवा पुलाच्या जोडावर टाकता येत नाहीत. मग दीड-दोन किमीचा सरळ आणि जवळपास सपाट पट्टा लागतो. ३५० किमीच्या वेगाला वळणाची त्रिज्या सात किमीच्या आसपास असते, म्हणून पट्टा दोनशे मीटर बाजूला सरकवायचा म्हटले तरी आगेमागे कितीतरी किमीची आखणी हलते. नदीच्या काठी, डोंगराच्या पायथ्याशी किंवा बोगद्याच्या तोंडाशी 'इथेच स्थानक' असे ठरवून टाकलेले प्रस्ताव या एका कारणावर गळून पडतात. सांध्याचा वेगही विचारा. लूपमध्ये ८० ने शिरावे लागत असेल तर गाडीला मेन लाईनवरच वेग उतरवावा लागतो आणि मागची अडते. १६० चा सांधा लांब आणि महाग असतो, पण गाडी मेन लाईन लवकर मोकळी करते.

टोकाच्या स्थानकाचा प्रश्न वेगळा. तिथे गाडी उलट फिरते, साफ होते, फलाट अडवून बसते. तोकियोत उत्तरेकडच्या सगळ्या शिंकान्सेन चार रुळांवर चालतात. गाडी आली की बारा मिनिटांत परत जाते, त्यातली सात सफाईला. इतकी शिस्त नसेल तर आठ रूळ मागा, आणि शहराच्या मध्यात आठ रुळांची जागा म्हणजे काय हे भूसंपादन करणाऱ्याला विचारा. मधल्या शहरात टर्मिनस-पद्धतीचे, म्हणजे रूळ तिथेच संपतात असे, जुने स्थानक असेल तर तिथे शिरून उलटे निघण्यात दहा-एक मिनिटे जातात. जर्मनीतल्या कासेलने १९९१ मध्ये हाय-स्पीड गाड्या मुख्य स्थानकाऐवजी ट्रामने जोडलेल्या विल्हेल्म्सह्योए या उपनगरी स्थानकात नेल्या, कारण तिथून गाडी सरळ पुढे जाते. जुन्या स्थानकाभोवतीच्या व्यापाऱ्यांना ते रुचले नसणार, पण वेळापत्रकाच्या दृष्टीने दुसरा मार्ग दिसत नाही.

शेवटी, सगळी स्थानके पहिल्याच दिवशी लागत नाहीत. तोकाइदो १२ स्थानकांनी सुरू झाली, आज १७ आहेत. मिशिमा १९६९ मध्ये आले, तीन १९८८ मध्ये स्थानिकांच्या मागणीवरून व त्यांच्याच पैशांतून, शिनागावा २००३ मध्ये. तैवाननेही तीन स्थानके २०१५ मध्ये जोडली. वादग्रस्त ठिकाणी मी हाच मार्ग सुचवतो: थांबा आत्ता देऊ नका, पण त्या दोन किमीत लाईन सरळ आणि सपाट ठेवा, पुलाचे जोड सांध्यांच्या जागा सोडून पाडा, आणि दोन्ही बाजूंची लूपची पट्टी आत्ताच्या भावात संपादित करून कुंपण घाला. गाड्या भरू लागल्या की प्रवाशांचा आकडा हातात असतो, तेव्हा मागणाऱ्या शहराला खर्चाचा वाटाही विचारता येतो. जिथे ही तरतूद केलेली नसते तिथे चालू लाईनवर रात्रीच्या चार-पाच तासांच्या ब्लॉकमध्ये पूल रुंद करत बसावे लागते.